गोसाईकुंडाला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेपाळच्या रसुवा जिल्ह्यातल्या गोसाईकुंडाला मी तीनदा गेले. पहिल्या खेपेला घाई केली आणि तळं न बघताच खाली उतरावं लागलं. पुढच्या दोन खेपांना हळू गेले आणि दोन्ही वेळा पोचले. तेव्हापासून ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या लोकांचे फोन येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय.

तिथे नक्की आहे काय?

समुद्रसपाटीपासून ४,३८० मीटर उंचीवरचं एक तळं. लांगटांग राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं. हे उद्यान १९७६ साली झालं. समुद्रमंथनात निघालेलं हलाहल प्यायल्यावर शंकराच्या अंगाची आग झाली, त्याने डोंगरात त्रिशूळ मारला, पाणी फुटलं आणि त्याचं हे कुंड झालं, अशी कथा आहे. तळ्यातून निघणाऱ्या ओढ्याचं नावही त्रिशूली. धुन्चेजवळ तो भोटेकोशीला मिळतो आणि तिथून पुढे अख्ख्या नदीलाच त्रिशूली म्हणतात. पाण्याखाली दिसणारा एक खडक म्हणजे निजलेला महादेव, असं भाविक मानतात. मला पहिल्यांदा नुसता खडक दिसला. दुसऱ्या दिवशी ऊन तिरपं आल्यावर लोक काय म्हणतात ते थोडं कळलं.

आसपास सरस्वतीकुंड, भैरवकुंड, सूर्यकुंड अशी आणखी तळी आहेत. परंपरा १०८ सांगते. गोसाईकुंड आणि लगतची तळी २००७ साली रामसर यादीत गेली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्यांची नोंद झाली. हिवाळ्यात तळं गोठतं.

तिथे राहतं कोण? लॉज कुणाचे?

वाटेवरचे बहुतेक लॉज तामांग कुटुंबांचे आहेत. तामांग ही नेपाळमधल्या मोठ्या आदिवासी जनजातींपैकी एक. २०२१च्या जनगणनेत त्यांची संख्या सोळा लाखांच्या वर होती, आणि रसुवात तर बहुसंख्य तेच. ‘आदिवासी जनजाती’ हा नेपाळमध्ये कायद्यातला शब्द आहे. २००२च्या कायद्याने अशा ५९ समूहांना मान्यता दिली. तामांगांची भाषा वेगळी आहे, तिबेटी-बर्मी कुळातली. धर्म मुख्यतः बौद्ध. पण गावात लामा असतो तसा ‘बोंबो’ही असतो, म्हणजे ढोल वाजवून देव अंगात आणणारा, आजार उतरवणारा माणूस.

इतिहासाचं एक पान माहीत असू द्या. १८५४च्या मुलुकी ऐनाने, म्हणजे देशाच्या कायदेसंहितेने, नेपाळच्या सगळ्या जातीजमाती उतरंडीत बसवल्या. त्यात या लोकांची नोंद ‘भोटे’ म्हणून, तीही ज्यांना गुलाम करता येतं अशा गटात. काठमांडूच्या इतक्या जवळ राहून ओझी वाहणं आणि वेठबिगारी यातच त्यांच्या पिढ्या गेल्या. त्यामुळे ‘भोटे’ हा शब्द तोंडातून काढू नका, कुणी हसत हसत वापरला तरी. आणि जिच्या हातचं तुम्ही खाताय ती लॉजची मालकीण आहे. तुम्ही तिच्या दारात आलेले पाहुणे आहात, एवढं डोक्यात पक्कं असलं की पुढची निम्मी उत्तरं आपोआप सुचतात.

म्हणजे होमस्टे का?

कुंडाच्या वाटेवर नाही. तिथे लॉज आहेत: लाकडी फळ्यांच्या खोल्या, मधे एक जेवणाची खोली, तिच्यात शेगडी. कुंडाकाठी कायमचं गाव नाही. थंडी वाढली की मंडळी खाली उतरतात. घरात राहायचं असेल तर त्याच जिल्ह्यात तामांग हेरिटेज ट्रेल आहे: गत्लांग, थुमन, ब्रिद्दिम ही गावं. ग्रामीण भागातली गरिबी पर्यटनातून कमी करायच्या एका सरकारी कार्यक्रमात २०००च्या दशकात ती वाट आखली गेली. गत्लांगला दगडी घरं एकमेकांना खेटून उभी आहेत, दर्शनी लाकडावर कोरीव काम आहे. २०१५च्या भूकंपात तिथलं बरंच कोसळलं. दोन-तीन दिवस हाताशी असतील तर आधी तिकडे फिरा, मग कुंडाकडे वळा. शरीरही तेवढं उंचीला सरावतं.

एकूण किती दिवस लागतात?

काठमांडूहून काठमांडूला आठ दिवस धरा. जाहिरातीत पाच दिवस दिसतील. पाच दिवसांत होतं हे खरं आहे, आणि त्या पाच दिवसांत काय होतं ते पुढे सांगते.

मला पटलेला क्रम असा. पहिल्या दिवशी बसने धुन्चे. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण सात-आठ तास लागतात. धुन्चे सुमारे २,००० मीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी देउरालीपर्यंतच, साधारण २,६०० मीटर. दिवसभराचा दम असताना इथे थांबायचं जिवावर येतं, तरी थांबा. तिसऱ्या दिवशी चंदनबारी, सुमारे ३,३०० मीटर. चौथा दिवसही चंदनबारीलाच. पाचव्या दिवशी चोलांगपाटीवरून लौरीबिना, सुमारे ३,९०० मीटर. सहाव्या दिवशी सकाळी कुंड. तिथे मुक्काम करा किंवा तळं बघून खाली येऊन झोपा. मग उतार, आणि उताराला दिवस कमी लागतात.

त्या चौथ्या दिवशी ‘नुसतं बसून करायचं काय’ असं सगळे विचारतात. गोम्पा म्हणजे बौद्ध मठ बघा, चीजचा कारखाना बघा, दुपारी शे-दोनशे मीटर वर चढून परत या. जास्तीच्या एका रात्रीला खोली आणि दोन वेळचं जेवण एवढाच खर्च येतो, आणि तो पैसा थेट त्या घरात जातो.

आम्ही दर आठवड्याला गड चढतो. आम्हालाही उंचीचा त्रास होईल?

होईल. कदाचित जास्तच, कारण तुम्ही भरभर चढाल. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे धुन्चेचा बस थांबासुद्धा तिच्याहून उंच. तुमच्या मांड्या, तुमचा दम हे सगळं ठीक. पण कुंडाच्या उंचीवर प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या मानाने साठेक टक्केच प्राणवायू मिळतो. त्याला सरावायला रक्ताला दिवस लागतात, आणि व्यायामाने ते दिवस कमी होत नाहीत.

गोसाईकुंड या बाबतीत वैद्यकशास्त्रातही प्रसिद्ध आहे. इथल्या यात्रेकरूंची डॉक्टरांनी पाहणी केली, ती २०००च्या सुमारास प्रसिद्ध झाली. तीत ६८ टक्के लोकांना उंचीचा आजार झालेला आढळला. बऱ्याच जणांचा तोलही गेला होता, म्हणजे मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण. कारण सरळ आहे. माणसं दोन दिवसांत दोन हजारांवरून चार हजारांच्या पुढे जातात, वर उपास, थंड पाण्यात स्नान आणि उघड्यावर रात्र.

नियम एकच: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरहून जास्त चढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढायचा. माझ्या क्रमात देउराली ते चंदनबारी आणि चंदनबारी ते लौरीबिना या टप्प्यांत हा आकडा थोडा ओलांडला जातो. मधला विश्रांतीचा दिवस म्हणूनच सोडायचा नाही. लौरीबिनाऐवजी चोलांगपाटीला एक रात्र काढलीत तर आणखी चांगलं.

त्रास सुरू झालाय हे कळतं कसं?

डोकं दुखतं, अन्न नकोसं होतं, मळमळतं, झोप लागत नाही. आदल्या रात्री काही प्यायलेलं नसताना हँगओव्हर आल्यासारखं. एवढ्यावर असेल तर आहे तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. थांबूनही वाढत असेल तर उतरायचं. चालताना झोक जायला लागला, माणूस असंबद्ध बोलायला लागला, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला सुरू झाला, तर रात्र असो की पाऊस, लगेच उतरायचं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. पहिल्या खेपेला आम्ही दोघी मैत्रिणी धुन्चेहून एका दिवसात चंदनबारीला आणि दुसऱ्या दिवशी लौरीबिनाला पोचलो. फार खूश होतो. संध्याकाळी मैत्रिणीने ताटातला भात चिवडला आणि बाजूला सारला. मी म्हटलं, दमली असेल. लॉजची दिदी चुलीशी होती, तिने ताटाकडे पाहिलं, मग मैत्रिणीच्या तोंडाकडे. हात पुसत आली आणि जेवणाच्या खोलीतल्या जमिनीवरची दोन फळ्यांमधली फट दाखवून म्हणाली, हिच्यावरून चालून दाखव, टाचेला बोट लावून. मैत्रीण हसली. चौथ्या पावलाला तिचा पाय फटीच्या वीतभर बाहेर पडला, पाचव्याला तिने बाकाचा कोपरा धरला. दिदीने काही समजावलं नाही. भाच्याला हाक मारली, बॅटरी काढली, आमच्या बाटलीत गरम पाणी भरलं आणि म्हणाली, ‘चंदनबारी. अहिले.’ अहिले म्हणजे आत्ता. आम्ही रात्री साडेदहाला चंदनबारीला पोचलो. सकाळी मैत्रिणीने दोन ताटं भात खाल्ला. खोलीचे पैसे द्यायला मी दुसऱ्या खेपेला वर गेले, तर ते दिदीच्या लक्षातही नव्हतं.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यावी का?

डॉक्टरांना विचारून. सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना तसं आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. गोळी सरावाला मदत करते, त्याची जागा घेत नाही. गोळीच्या जोरावर दिवस वाचवायला जाऊ नका. लसणाचं सूप प्या, छान लागतं आणि पोटात पाणी जातं. औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

कधी जावं?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश स्वच्छ असतं. लौरीबिनाहून पहाटे लांगटांग लिरुंग, गणेश हिमाल आणि दूरवर मनास्लू दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये खालच्या जंगलात गुराँस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो, वर बर्फ असू शकतो. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी बरेच लॉज बंद, आणि लौरीबिनाच्या पुढची कड्यात कोरलेली अरुंद वाट बर्फाने निसरडी. सवय नसेल तर नको. जून ते ऑगस्ट पाऊस, जळवा आणि दरडी. जुलै २०२५मध्ये याच जिल्ह्यात आलेल्या पुराने रसुवागढीचा चीनच्या सीमेवरचा पूल वाहून नेला. पावसाळ्यात जाणार असाल तर येताजाता दोन दिवस हाताशी राखून ठेवा.

पण यात्रा तर ऐन पावसाळ्यातच असते ना?

हो, जनै पूर्णिमेला, म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेला. त्या दिवशी तिकडे जानवं बदलतात, मनगटाला दोरा बांधतात आणि हजारो लोक कुंडात बुडी मारतात. ज्यांना वर येणं जमत नाही ते काठमांडूजवळच्या पाटणच्या कुंभेश्वर मंदिरातल्या कुंडात स्नान करतात. तिथलं पाणी आतून गोसाईकुंडाशी जोडलेलं आहे अशी श्रद्धा आहे.

मला त्या यात्रेतलं लक्षात राहिलंय ते रात्रीचं. धुक्यात आधी नुसता आवाज येतो, ढ्यांग्रोचा, दोन्ही बाजूंनी मढवलेल्या ढोलाचा. मग वाट वर चढून येणारी रांग दिसते: पुढे बोंबो, पांढरा घोळदार झगा, गळ्यात घंटांच्या आणि बियांच्या माळा, डोक्याला मोरपिसं, आणि मागे त्याच्या गावची माणसं. एका गावाचा ढोल दमला की दुसऱ्याचा सुरू. ब्राह्मण जानवी बांधतायत, बोंबो नाचतायत, लामा दिवे लावतायत आणि कुणालाही यात विसंगत वाटत नाही.

आता व्यवहाराचं. लॉज खचाखच भरतात, ताडपत्रीखाली झोपावं लागतं, पाऊस लागतोच, संडासांची अवस्था सांगत नाही. हिमालयन रेस्क्यू असोसिएशन त्या दिवसांत वर तात्पुरतं आरोग्य शिबिर लावते, यावरून काय ते समजा. पहिल्यांदाच जाणाऱ्याने ऑक्टोबर धरावा. बोंबोंचे फोटो काढायचे असतील तर आधी विचारा आणि अंगात आलेलं असताना तर मुळीच काढू नका.

कागदपत्रं कोणती?

भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. १५ ते ६५ वयाच्या माणसाला विमानासाठी आधार कार्ड चालत नाही. विमानतळावरून परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत. राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेश शुल्क सार्क देशांच्या नागरिकांना १,५०० नेपाळी रुपये आणि इतर परदेशी लोकांना ३,००० आहे, वर कर. शिवाय ‘टिम्स’ कार्ड, म्हणजे ट्रेकरची नोंद केल्याचं कार्ड. पासपोर्ट आकाराचे चार-पाच फोटो जवळ ठेवा. धुन्चेला उद्यानाच्या नाक्यावर सैनिक सामान उघडून बघतात. ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नका.

गाइड घ्यावाच लागतो का?

नेपाळ पर्यटन मंडळाच्या एप्रिल २०२३पासूनच्या नियमाप्रमाणे परदेशी ट्रेकरला परवानाधारक गाइड हवा. पण नियम बाजूला ठेवला तरी माझं उत्तर ‘घ्या’ असंच आहे. १९९१-९२च्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाचा एक वैद्यकीय विद्यार्थी याच भागात बर्फात वाट चुकला आणि ४३ दिवसांनी जिवंत सापडला. जगाने चमत्कार म्हटलं. धुकं उतरल्यावर तिथली वाट किती पटकन नाहीशी होते ते मी पाहिलंय, मला त्यातले ४३ दिवसच दिसतात.

शक्यतो रसुवाचाच तामांग गाइड मागा. त्याला लॉजवाली कुणाची मावशी ते माहीत असतं, वर बर्फ किती ते त्याला फोनवर कळतं आणि मजुरी जिल्ह्यातच राहते. एजन्सीला स्पष्ट विचारा: गाइडचा आणि भरियाचा, म्हणजे ओझं नेणाऱ्याचा, विमा आहे का? त्यांच्या अंगावर पुरेसे कपडे आहेत का? भरियाच्या पाठीवर दोन माणसांचं मोजकं सामान, याहून जास्त टाकू नका.

पैसे किती आणि कसे न्यायचे?

रोख न्या, नेपाळी नोटा, काठमांडूतच बदलून, आणि सुट्ट्या. एक भारतीय रुपया म्हणजे १ रुपया ६० पैसे नेपाळी, हा दर बांधलेला आहे. चढाच्या वाटेवर एटीएम नाही.

वर जाल तसं सगळं महाग होत जातं. त्यावर कुरकुर करणाऱ्यांनी एकदा धुन्चेच्या चढावर गॅसची टाकी पाठीवर घेऊन, कपाळाला पट्टा लावून चढणारा माणूस बघावा. खोली स्वस्त असते, कमाई जेवणावर असते. म्हणून जिथे झोपायचं तिथेच जेवायचं, ही तिथली रीत. खोली एका लॉजमध्ये आणि जेवण शेजारी स्वस्त म्हणून तिकडे, हे करू नका. आपल्याकडच्या काही मंडळींना मी पिशवीतून नूडल्सची पाकिटं काढून ‘जरा गरम पाणी द्या’ म्हणताना पाहिलंय. ते गरम पाणी त्याच पाठीवरच्या टाकीवर तापलेलं असतं. चिवडा जरूर न्या, पण डबा मधे ठेवा आणि सगळ्यांना द्या.

खायला काय मिळतं? शाकाहारी माणसाचं कसं?

उत्तम चालतं. दाल-भात-तरकारी सगळीकडे मिळते आणि भात, डाळ, भाजी परत परत वाढतात. म्हणूनच दोघांत एक ताट मागवणं वाईट दिसतं. बरोबर गुंद्रुक मिळालं, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचं आंबटसर कालवण, तर सोडू नका. ढिंडो म्हणजे कोदोच्या (आपल्या नाचणीच्या) किंवा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. तो बोटांनी तोडून कालवणात बुडवायचा आणि गिळायचा, चावत बसायचं नाही.

रात्रीचं जेवण काय हवं ते दुपारीच सांगून ठेवा. कुंडाच्या उंचीवर पाणी सुमारे ८५ अंशांनाच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजत सगळे शेगडीभोवती बसतात. सहा माणसांनी सहा वेगळे पदार्थ मागवले तर शेवटच्याला नऊ वाजतात. सगळ्यांनी दाल-भात मागवा.

त्यांच्याशी बोलायचं कसं?

हिंदी बऱ्याच जणांना कळते. पण हिंदीतलं ‘तुम’ तिथे खटकतं, ‘आप’ म्हणा. वयाने मोठ्या पुरुषाला ‘दाइ’, बाईला ‘दिदी’, लहानांना ‘भाइ’, ‘बहिनी’. मराठी कानाला ‘दाइ’ म्हणजे सुईण वाटते, दोन दिवसांत सवय होते. ‘ए बहादूर’ अशी हाक कुणालाही मारायची नाही. आपल्याकडे वॉचमनला मारलेली ती हाक वर त्यांच्या अंगणात ऐकली की मान खाली जाते.

तामांगमध्ये नमस्काराला ‘फ्याफुल्ला’ म्हणतात. उच्चार चुकला तरी चालतो, हसू येतंच. नेपाळीतले चार शब्द पुरे: तातो पानी (गरम पाणी), मिठो छ (चविष्ट आहे), पुग्यो (म्हणजे बास, हे नाही शिकलात तर भात वाढतच राहतील) आणि बिस्तारै, सावकाश. पाचवा शब्द ‘तेर्सो’, म्हणजे सपाट. पुढची वाट तेर्सो आहे असं गाइड म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

काय पाळायचं?

चोर्तेन (बौद्ध स्तूप) किंवा मणीच्या, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या, भिंती उजव्या हाताला ठेवून जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. चुलीत किंवा शेगडीत कागद, कचरा टाकायचा नाही. आग पवित्र आहे. उष्ट्याचा विचार आपल्यासारखाच असतो, आपला चमचा सामायिक भांड्यात घालू नका. कुणाचे पाय ओलांडू नका. मुलांना चॉकलेटं वाटू नका. स्वयंपाकघरात शिरण्याआधी विचारा. थंडीत ते स्वतःच आत बोलावतात आणि मग हलवत नाहीत.

कुंडात आंघोळ करू का?

भाविक करतात. साबण, शाम्पू अजिबात नाही. श्रद्धेने करायचीच तर दुपारच्या उन्हात एक बुडी, लगेच कोरडे कपडे आणि गरम चहा, आणि डोकं दुखत असेल तर तीही नको. मी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं, तेवढ्याने बोटं अर्धा तास बधिर होती.

संडास? आणि पाळी आली तर?

भारतीय पद्धतीचे, बहुतेक खोलीबाहेर. पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय असते, ती मगाने फोडायची. वर पॅड टाकायला जागा नसते. जाड पिशवी बरोबर ठेवा आणि सगळं खाली काठमांडूपर्यंत आणा. टिश्यू, वेष्टनं, बॅटरीचे सेल यांनाही तेच लागू.

फोन लागतो का?

नेपाळ टेलिकॉमचं सिम बऱ्याच ठिकाणी लागतं, कड्याच्या आड गेलं की नाही. वर वीज सौर पेटीवरची, चार्जिंगचे पैसे पडतात. रात्री मोबाइल झोपायच्या पिशवीत घ्या, थंडीत बॅटरी बसते. आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. बस चुकलेल्यांची ही नेहमीची सबब.

विमा लागतो?

हो. ५,००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने सुटका, हे दोन्ही पॉलिसीत लिहिलेलं बघा.

त्याच वाटेने परत यायचं का?

पलीकडे उतरता येतं. कुंडाच्या वर लौरीबिना खिंड आहे, ४,६१० मीटर. तिथून फेदी, घोप्ते, थारेपाटी, कुतुमसांग करत हेलंबूच्या बाजूने सुंदरीजल, म्हणजे काठमांडूच्या वेशीवर. आणखी चार दिवस. सुंदर आहे आणि दमवणारं आहे. खिंडीवर ताजा बर्फ असेल आणि गाइडने नाही म्हटलं तर वाद घालू नका.

जाता जाता नावाबद्दल. इंग्रजी पाट्यांवर ‘लौरीबिना याक’ असं लिहिलेलं असतं आणि लोक याक शोधत बसतात. मूळ शब्द ‘लौरीबिनायक’. लौरी म्हणजे काठी आणि बिनायक म्हणजे आपला विनायकच.

प्राणी दिसतात का?

डांफे पक्षी दिसतो, सप्तरंगी, कोंबडीच्या चालीने पळणारा. कड्यावर झारल, म्हणजे हिमालयातला रानबकरा. चंदनबारीच्या वरच्या जंगलात लाल पांडा आहे. मला तीन खेपांत फक्त त्याची विष्ठा दिसली, तीही गाइडने दाखवल्यावर.

परत येताना काय आणू?

चंदनबारीचं चीज. सगळे त्याला याक चीज म्हणतात, पण याक हा नर; तो दूध कुठून देणार? दूध असतं चौंरीचं, म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातल्या मादीचं. कारखान्यात मोठी वाटोळी चाकं फळ्यांवर रचलेली असतात, हवं तेवढं कापून देतात. आणि छुर्पी घ्या, दोऱ्यात ओवलेले वाळक्या दुधाचे कडक चौकोनी तुकडे. दाताने फोडायला जाऊ नका. गालात धरायचं आणि चालायला लागायचं. मी चंदनबारीला एक तोंडात टाकला होता, धुन्चेच्या पहिल्या घरापाशी पोचले तेव्हा त्याचे नुसते कोपरे झिजले होते.